सिंहवाल्याचे बूट आणि सुईची अट

मी, खाली सही करणारी, वय शहात्तर, गावच्या शाळेत चौथी पास, शाळेचे गणवेश शिवणारी, सर्कशीतल्या सिंहवाल्याची विधवा. डोकं ठिकाणावर आहे. नसतं तर जाऊबाईंनी केव्हाच गावभर केलं असतं. मला कुणी धाक दाखवलेला नाही. या घरात ते काम माझ्याकडेच आहे. तर राजीखुशीने लिहिते.

एक. शिवणयंत्र नातसुनेला. ते कुरकुरतं, पण तेल घातलं की गप्प बसतं. नवऱ्यांचं तसं नसतं.

दोन. मोठी कात्री थोरल्या जाऊबाईंना. जिभेची धार आता कमी झालीय, उपयोगी पडेल. माझी पहिली मुलगी पोटातच गेली, तेव्हा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "खोट हिच्या कुशीतच आहे." जाऊबाई, खोट कुशीत नव्हती. रक्तात रोग होता, यांच्याकडून मला आलेला, आणि तो कुणी तपासलाच नव्हता. पोर पुऱ्या दिवसांची होती. केस दाट होते. तिचं मला एवढंच ठाऊक आहे.

तीन. यांचे सर्कशीतले बूट नातवाला. बाळा, बूट घालण्याआधी हे वाच. मला पुन्हा दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, इंजेक्शन दोघांनी घ्या. एकटीने घेतलं तर रोग पुन्हा हिच्याकडे येणार. हे म्हणाले, "मला काय धाड भरलीये?" सिंहाच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस, सुई म्हटली की घाम फुटायचा. मी पिंजऱ्याच्या कडीला हात घातला. म्हटलं, "मी आत जाते, तुम्ही दवाखान्यात जा." मुकाट गेले. आल्यावर दोन दिवस उभ्यानेच जेवले. त्या खेपेला तुझा बाप जन्मला, आणि असा रडला की सिंह गप्प झाला.

चार. घर. तुझ्या बापाचं स्वतःचं आहे, म्हणून हे तुम्हा दोघा नवराबायकोच्या नावे. अट एकच. नातसुनेला चौथा महिना आहे, आणि तिच्या तपासणीत तोच रोग निघालाय. तिने इंजेक्शन घेतलं. तू म्हणतोस, "आजी, मी ठणठणीत आहे." तुझे आजोबाही ठणठणीत होते रे. विजेच्या खांबावर सरसर चढतोस आणि सुईला भितोस, घराण्याचं नाव राखलंस! रोग कुठून आणलास ते मी विचारत नाही, ते तुझी बायको विचारेल. नर्सबाई म्हणतात, दोघांनी वेळेत औषध घेतलं तर बाळ बहुतेक वाचतं. तू घेईपर्यंत मी यावर सही करणार नाही. नाहीच घेतलंस तर घर जाऊबाईंना लिहून देईन. त्या तुला भाड्याने ठेवतील आणि रोज सकाळी चहाला येतील.

पाच. साक्षीदार न्हावीदादांनी मजकूर वाचायचा नाही, फक्त माझी सही होताना बघायची. त्यांना जड जाईल, पण इलाज नाही.

सोमवारी, नऊ जूनला लिहिलं. सह्या गुरुवारी, बारा जूनला, माझ्या शिवणाच्या टेबलापाशी.

सही: आजी

साक्षीदार: दवाखान्यातल्या नर्सबाई, समोरचे न्हावीदादा

वाचलं, मान्य आहे: नातू
(खुर्ची दिली होती. सही उभ्यानेच केली.)