थ्रॅपलगिल आडनावाचा शेवट आणि त्यास माझी हरकत

ती. विनिफ्रेड वहिनींस अँब्रोझचा नमस्कार. दमा कसा आहे? समुद्राच्या हवेने उतार पडला असेल. माझी प्रकृती उत्तम असून डोकं फिरलेलं आहे.

रविवारी मी चर्चमध्ये काय केलं, ते मिसेस हॉब्सने (ती ऑर्गन वाजवते असा तिचा समज आहे) आपल्याला कळवलंच असेल. आता खरं ऐका. पाद्रीबाबांनी आपल्या रोझमंडच्या आणि डेनिस ब्राउनच्या लग्नाची घोषणा वाचली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, या विवाहास कुणाची हरकत आहे काय? वहिनी, उत्तर नको असेल तर विचारता कशाला? मी उभा राहून म्हणालो, "आहे!"

माझी हरकत डेनिसला नाही, त्याच्या ब्राउन असण्याला आहे. या गावात दगड भिरकावला तर ब्राउनलाच लागतो. थ्रॅपलगिल मात्र अख्ख्या इंग्लंडात उरलो आपण (लग्नाने), मी (अविवाहित) आणि रोझमंड. आता तीही ब्राउन! आपला मूळपुरुष गावाच्या वरच्या थ्रॅपलगिल घळीत मेंढ्या राखायचा, म्हणून हे नाव. (लीड्सचे एक प्राध्यापक त्याला नॉर्मन सरदार करून बसलेत. मी स्वतः त्या घळीत उतरलो, घसरलो, घोटा मुरगळून घेतला. तिथे सरदार राहणं शक्य नाही, मेंढ्याच कशाबशा राहतात.) पुढे निम्मे प्लेगने नेले, उरलेलं नाव मुलींच्या लग्नांनी संपवलं. हे सगळं सांगत मी सतराव्या शतकापर्यंत आलो, तोच पाद्रीबाबा म्हणाले, "अहो अँब्रोझ, ही कायद्याने हरकत होत नाही. बसा खाली!" मागून कुणीतरी ओरडलं, "बसा हो, घरी आमचं मटण करपतंय!"

बाहेर आल्यावर रोझमंड म्हणाली, "काका, बाबांच्या जागी तुम्ही मला हात धरून वेदीपर्यंत नेणार होतात ना? राहू द्या आता. मी एकटी चालत जाईन." आणि तो डेनिस, टोपी चुरगाळत, "एवढंच असेल तर मीच थ्रॅपलगिल होतो की, काका." ऐकलंत? ज्याने घळ पाहिली नाही, तो! नाव म्हणजे काय दुकानातली छत्री आहे? तिथल्या तिथे झाडलं त्याला.

वहिनी, या माणसाला उंबरठा ओलांडू देऊ नका.

आपला संतप्त दीर,
अँब्रोझ थ्रॅपलगिल

ता.क. काल डेनिस येऊन गेला. म्हणाला, इतिहास ऐकायचाय. शेवटपर्यंत ऐकला. (दादा तर प्लेग यायच्या आत घोरू लागायचा.) वर म्हणतो, घळ दाखवाल? दाखवली. मी घसरलो होतो तिथेच घसरला.

ता.क. दुसरा. त्याने नाव लावलं तर चालेल. मी म्हटलं असं सांगू नका. रोझमंडला मात्र एवढं कळवा, की काकाचा घोटा बरा आहे, वेदीपर्यंत चालता येतं.