द्वारकेच्या तीन कॅसेटी

४ डिसेंबर १९८८, रविवार

टीव्ही आला. व्हीसीआर आला. बरोबर रतिलालही आला — लग्नांचं शूटिंग करणारा. धुळ्यात ज्याच्या दारी मांडव, त्याच्या दारी हा. वायरी जोडायला अर्धा तास, चहा प्यायला पाऊण.

सगळी इंदरचंद शेठजींची कृपा. वसतिगृहाचे विश्वस्त पडले! ऑक्टोबरात जळगावच्या मंडळींनी 'द्वारका' कादंबरीचं नाटक इथल्या नाट्यगृहात केलं. तीन रात्री, मिळून सात तास, एकतीस पात्रं. शेठजींची देणगी होती, म्हणून रतिलालने केलेल्या शूटिंगच्या तीन कॅसेटी त्यांच्याकडे आल्या. म्हणाले, "बाईसाहेब, पोरींना रात्री सोडलं नाहीत, आता दिवसा तरी दाखवा." टोमणाच. असू दे. रात्री एकला सुटणाऱ्या नाटकाला चाळीस मुली मी सोडणार नाही. आणि मुलींना नाही म्हटल्यावर मी कोणत्या तोंडाने जाणार? नाही गेले. पेपरातली जाहिरात वाचली, घडी घातली.

पुण्याला बी.ए.ला होते तेव्हा ही कादंबरी चार दिवसांत संपवली होती. परीक्षा तोंडावर असताना! पुढे किती वेळा वाचली, मोजलं नाही. नवरा परागंदा झाल्यावर पस्तीस माणसांचं घर एकटी चालवते द्वारका. कुणालाही न दुखवता घर चालतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती हातात घेऊ नये.

अडीच वाजता मुलींना हॉलमध्ये सतरंज्यांवर बसवलं. मी मागे खुर्चीवर. सुरुवातीलाच पडद्यावर गुलाबाचं फूल उमलतं आणि त्यातून नाटकाचं नाव बाहेर येतं! अंक संपला की सनई. द्वारकेचं पहिलं मोठं भाषण — याच भाषणासाठी मी तीस वर्षं थांबले म्हटलं तरी चालेल — आणि हा गृहस्थ मध्येच प्रेक्षक दाखवतो. जांभई देणारे कोणी डॉक्टर. मांडीवर पोर घेतलेली बाई. रंगमंच अंधारा, प्रेक्षक मात्र लख्ख!

रतिलाल दाराशीच होता. विचारलं. दात काढून म्हणाला, "बाई, नाटक कोण बघतंय? लोक स्वतःला बघायला कॅसेट घेतात."

द्वारकेचं काम करणारी जळगावला शाळेत शिवण शिकवते म्हणे. चालतेही तशीच, सुई हरवल्यासारखी खाली बघत. पण सासऱ्याच्या तोंडावर दार लावून घेताना ती कडीवर हात ठेवून जी थांबली — ते बरोबर होतं. अगदी बरोबर.

मुली रडल्या त्या साळूसाठी! साळू म्हणजे द्वारकेच्या दिराची दुसरी बायको. सारखी चुकते, सारखी रडते. मुसमुसणाऱ्या तिघींना संध्याकाळची भांडी दिली. पाण्यात हात गेला की डोळ्यांतलं थांबतं.

५ डिसेंबर

जेवणाच्या पंगतीत मुली साळूची नक्कल करतात. द्वारकेची कुणी करत नाही. जमणारच नाही.

११ डिसेंबर, रविवार

दोनदा लिहायला बसले, दोनदा उठले. रागाने.

दुसरी कॅसेट. द्वारका साळूला घराबाहेर काढते तो प्रवेश. साळू उंबऱ्यावर बसते, हलत नाही. द्वारका तिचं बोचकं उचलून अंगणात टाकते. हॉलमध्ये चाळीस मुली, श्वास ऐकू येत नव्हता. आणि इथे प्रेक्षकांचा टाळ्यांचा कडकडाट! इथे टाळ्या? कोण मूर्ख इथे टाळ्या वाजवतो, म्हणेपर्यंत पडद्यावर एक चेहरा आला. जवळून. दोन्ही हात उंच, दात दिसताहेत, टाळ्या कुटते आहे.

आमची मंजुळा.

आधी पोरी ओरडल्या — "अय्या, मंजी!" मग एकदम सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठले, कॅसेट मागे घेतली, परत लावली. तीच. जांभळी साडी, कपाळावर केसांची बट. मंजुळा पंडित सोनवणे, एस.वाय. बी.एस्सी., खोली नंबर सात.

उभं केलं. "कोण आहे ती?"

"ती मीच शे बाई... पन मी गयी नही."

"शुद्ध बोल."

"ती मीच आहे बाई. पण मी गेले नव्हते."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मलाही हसू आलं, खोटं कशाला लिहू. म्हटलं, "वा! म्हणजे तू इथे होतीस आणि तुझं तोंड तेवढं नाटकाला गेलं." सगळ्या हसल्या. तिचा चेहरा असा झाला की, — जाऊ दे.

तिची ट्रंक उघडायला लावली. जांभळी साडी नाही. "कुठे लपवलीस?" म्हणते, "बाई, ती माझी नव्हेच. इथल्या पुष्पाची होती, उसनी. पुष्पा तर मार्चमध्ये लग्न होऊन गेली, मग मी ती साडी..." मी म्हटलं, "मग साडी काय उडत आली? साडीचं पुराण नको मला."

हजेरीच्या वहीत तिन्ही रात्री नऊला तिची सही आहे. म्हणजे हजेरी देऊन गेली. मागच्या दाराने.

१२ डिसेंबर

मागच्या दाराची किल्ली एकटीकडेच असते — भागाबाईकडे. बारा वर्षं स्वयंपाक करते आहे इथे. बोलावलं. पदराला हात पुसत आली.

"पोर मनाजोडे व्हती बाई. तिन्ही राती. मना पाय चेपे ती."

म्हणे तिच्यापाशी होती! म्हटलं, "पाय चेपून घ्यायला ठेवलंय का तुला इथे?" खोटी साक्ष द्यायची तर निदान बरी तरी रचावी.

किल्ली काढून घेतली. तिला महिनाअखेर यायला सांगितलं, हिशेबाला. जाताना म्हणाली, "तुम्हले कोनी चुकनं म्हनाव शे का बाई?" मला चुकलं म्हणणारं कुणी आहे का, म्हणे! रात्री पिठलं मुलींनीच केलं. गुठळ्या.

पंडित सोनवणेंना पत्र टाकलं. दोन ओळी. समक्ष यावे.

१४ डिसेंबर, बुधवार

पंडित सोनवणे आले. पारोळ्याकडचा माणूस. धोतर, टोपी, पायात नव्या वहाणा — खास आज घातलेल्या, चावत होत्या. खुर्चीवर बसेना.

सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग विचारतो, "बाई, तुम्ही सोता दखं का? आपला डोयाघाई?"

"डोळ्यांनीच पाहिलं. तुम्हीही बघा."

टीव्ही लावला. कॅसेट नेमक्या जागी आणून ठेवलीच होती. मंजुळा दिसली आणि माणूस हसला! तोंडभर. "हाई ते मनी मंजी शे!" पोरगी टीव्हीवर आली म्हणून. बोट लावायला पुढे झाला काचेला. मग आठवलं कशासाठी दाखवतो आहोत. टोपी काढून हातात घेतली आणि पडद्यावरच्या तिच्याकडेच बघत राहिला.

माझ्याकडे वळला: "नाटक म्हंजे तमाशाच ना बाई?"

मला संताप आला. "नाही. ते फार मोठ्या कादंबरीचं नाटक आहे. वाचलेली माणसं बघतात."

"मंग पोरनं काय चुकनं?"

म्हटलं, "परवानगी नव्हती. रात्रीची बाहेर गेली. आज नाटकाला, उद्या कुठे? आणि वर खोटं. मला खोटं चालत नाही. मी तिला ठेवणार नाही."

"तिना काका पयलेच म्हने, शिकाडू नका." एवढंच. मग दाराशी उभ्या मंजुळाला म्हणाला, "चाल."

ट्रंक बापानेच उचलली. मुली जिन्यात उभ्या. ती वाकली नमस्काराला. मी पाय मागे घेतले. अशा वेळी आशीर्वाद म्हणजे निव्वळ नाटक.

गणितात चौऱ्याण्णव होते तिला पहिल्या वर्षी. अशी मुलगी बारा वर्षांत आली नव्हती इथे. एम.एस्सी.ला पुण्याला पाठवायची, असं मी शेठजींजवळ बोलूनही बसले होते. सामान्य मुलीने केलं असतं तर महिनाभर बाहेर जाणं बंद केलं असतं आणि विसरले असते. हिला नाही. हिला कसं विसरणार!

१८ डिसेंबर, रविवार

तिसरी कॅसेट दाखवली नाही. कपाटात, कुलपात. एक धीट कार्टी दाराशी येऊन विचारते, "बाई, साळूचं पुढे काय होतं?" म्हटलं, "कादंबरी वाच. सहाशे पानं आहेत, ग्रंथालयात आहे."

अजून कुणी नेलेली नाही.

३ जानेवारी १९८९

मंजुळाचं पत्र. वहीचा फाडलेला कागद, दोन्ही बाजूंनी.

"...माघात लग्न काढलं आहे. नानांचं म्हणजे वडिलांचं मन नाही पण काका ऐकत नाहीत. नाना म्हणतात बाईंनी एक ओळ लिहिली की मुलीला परत घेते, तर परीक्षेपर्यंत मी कोणाचं ऐकणार नाही. बाई मी देवाशपथ नाटकाला गेले नाही. मी पुष्कळ विचार करते ते टीव्हीत मी कशी आली. मला वेड लागलं आहे का असं वाटतं. तुम्हीच सांगा बाई. मला बीएस्सी होऊ द्या..."

अजून तेच. नाटकाला गेले नाही! कबूल केलं असतं तर लिहिली असती ती एक ओळ. खरंच लिहिली असती.

लाल शाई घेतली. सात ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ, दोन ठिकाणी विरामचिन्हं. सुधारून, तेच पत्र पाकिटात घालून परत धाडलं. दुसरं काही लिहिलं नाही.

१५ जानेवारी

एक ओळ लिहिली. वाचली. फाडली. एकीला सोडलं की एकोणचाळीस जणींना दार उघडं.

२२ जानेवारी, रविवार

नवी स्वयंपाकीण भाजीत गूळ घालते. मुली भागाबाईची आठवण काढतात, माझ्या कानावर पडेल अशा बेताने. हिला ताकीद दिली, त्यांना रविवारचा भात बंद.

७ फेब्रुवारी

लग्नाची पत्रिका. हळद-कुंकू लावलेली, पोस्टाने. मुलगा भुसावळला रेल्वेत खलाशी, अवजारं वाहणारा. दहावी नापास, असं एक मुलगी दुसरीला सांगत होती. पाकिटावर अक्षर मंजुळाचं. पत्ता बिनचूक. 'अधीक्षिका' शब्द मोठमोठ्या मुख्याध्यापकांना येत नाही, तो नीट लिहिला आहे.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

बारा पस्तीसचा मुहूर्त. हॉलमधले पंखे पुसून घेतले.

१२ फेब्रुवारी, रविवार

शेठजींचा निरोप — कॅसेटी परत पाठवा, पाहुण्यांना बघायच्या आहेत. परत करायच्या तर तिसरी न बघता कशी करणार? मुलींना गणपतीला पाठवलं. दार लावून एकटीच बसले. द्वारकेचं शेवटचं भाषण ऐकायचं होतं.

द्वारका म्हातारी झाली आहे. घर रिकामं. ती किल्ल्यांचा जुडगा सुनेपुढे टाकते आणि बोलायला लागते. चार वाक्यं झाली आणि रतिलालने पुन्हा प्रेक्षक दाखवले. लख्ख उजेडात.

पहिल्या रांगेत मी.

हिरवी इरकल, मांडीवर पुष्पगुच्छ. मी, जी या नाटकाला गेलेच नाही.

परत मागे घेतलं. परत बघितलं. शेठजींची एकसष्टी. गेल्या वर्षीची, जानेवारीतली, याच नाट्यगृहात. ते शूटिंगही रतिलालचंच. सभागृह रिकामं दिसायला नको म्हणून चाळीस मुली मीच नेल्या होत्या, माझ्या मागे ओळीने बसवल्या होत्या. त्या तशाच बसल्या आहेत. माझ्या पाठीशी जांभळी साडी.

पडद्यावर मी मागे वळते आणि तिला काहीतरी सांगते. ऐकू येत नाही, वरून द्वारका बोलते आहे. पण मी काय सांगितलं ते मला आठवतं.

"जोरात वाजव."