फ्लेक्सवरचं बाळ

बचाव जहाजावरून,
दि. १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय सतीशदादा,
सप्रेम जय भीम. मी बरी आहे, वेळेवर जेवते, आईला सांग. तिच्या शेंगाचटणीवर दिवस चाललेत. इथली गोरी डॉक्टरीणसुद्धा पावाला लावून खाते आणि नाक पुसत बसते.

फोन केला की तू स्पीकर लावून अख्ख्या मंडळाला ऐकवतोस, म्हणून लिहितेय. एकट्यानं वाच.

चौकातला फ्लेक्स प्रतिक्षानं पाठवला. 'भर समुद्रात बाळंतपण करणाऱ्या सोलापूरच्या लेकीचं हार्दिक अभिनंदन!' गॉगल लावून हाताची घडी घातलेला तू माझ्या दुप्पट. माझ्या हातात सोनेरी कागदातलं बाळ, खाली 'चि. सागर'. रविवारी म्हणे चौकात पाळणा बांधून बारसं, वर पेढे. नगरसेवक व्हायचंय म्हणून काहीही? शिसारी आली रे मला.

त्या बाळाची आई, पोरच ती, आमच्याकडं कशी आली ते ऐक. देश सोडून पळालेल्यांच्या रबरी होडीत बायकांना मधे बसवतात, सुरक्षित म्हणून. सांडलेलं पेट्रोल आणि खारं पाणी नेमकं तिथंच साचतं. तिच्या मांड्या सोलून निघाल्या होत्या. आपल्या धाकट्या प्रतिक्षाएवढीच असेल. पलीकडच्या किनाऱ्यावर कोंडून ठेवलेलं असताना पहारेकऱ्यांनी तिचं काय केलं, ते लिहायला माझा हात धजत नाही. पोटातलं मूल त्यातलंच.

कळा सुरू झाल्या आणि बाळ आडवं. ऑपरेशनशिवाय सुटका नव्हती, आणि जहाजावर ती सोय नाही. कॅप्टननं बंदराला विनवण्या केल्या, हिला तरी आत घ्या. तिकडून साहेब विचारतात, जहाजावर एकूण माणसं किती? सकाळी दुसरा साहेब, प्रश्न तोच. थू त्यांच्या तोंडावर! मी तिची कंबर चोळत होते आणि ती माझं मनगट चावत होती. शेवटी डॉक्टरणीनं आत हात घालून, पायाला धरून बाळ ओढून काढलं. परवानगी आली, पण सगळं होऊन गेल्यावर.

आणि सागर कुठला, दादा? मुलगी होती ती. रडलीच नाही. मी पाठ चोळली, फुग्यानं श्वास दिला, लई वेळ दिला. मग ऊब राहावी म्हणून त्या सोनेरी कागदात गुंडाळलं. ऊब कुणाला, हे कळत होतं, तरी गुंडाळलं. तेवढ्यात आमच्या प्रसिद्धीवाल्यानं फोटो काढला. बाळाची आई हातानं नको नको करत होती. पण फोटो छान आला होता की, मग टाकला त्यानं.

रविवारच्या आत तो फ्लेक्स उतरव. पोरांना पाठवू नकोस, स्वतः शिडीवर चढ. पाळणा ज्याचा आणलास त्याला परत दे.

नाव ठेवायची तुम्हांला भारी हौस. ते ठेवून झालंय. आपल्याकडं बाळाच्या कानात नाव आत्या सांगते, असं मी तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले. तिनं मला जवळ ओढलं, माझ्या कानात नाव सांगितलं आणि बाळाकडं बोट केलं. मी बाळाच्या कानात सांगितलं. ते तुला कळणार नाही, कुणालाच नाही.

फ्लेक्स खाली आल्याशिवाय मला फोन करू नकोस.

त्या मुलीची आत्या,
तेजश्री