लेटेमॅविटॉल

३ जानेवारी १९२७, सोमवार
संकल्प. तीन महिन्यांत साहेबासारखं इंग्रजी बोलायचं. लिहिता-वाचता येतंच. नऊ वर्षं गिरणीच्या गेटवर हजेरी लिहितोय. अडतं ते बोलण्यात, आणि का अडतं ते काल कळलं. नवी पेठेत जुन्या पुस्तकांच्या ढिगात उच्चारावरचं एक पुस्तक सापडलं. कव्हर नाही, पहिली आठ पानं नाहीत. पण नवव्या पानावरच गुरुकिल्ली. इंग्रज माणूस शब्द तोडून बोलतच नाही. एका शब्दाच्या शेवटी व्यंजन आणि पुढच्याच्या सुरुवातीला स्वर आला, की दोन्ही चिकटतात. कम इन नव्हे, कमिन. पुट इट ऑन नव्हे, पुटिटॉन. आपले लोक एकेक शब्द विटेसारखा रचतात. इंग्रज ओततो.
पुढच्या पानावर बहुधा अपवाद असावेत. ते पान शेजारच्याला चिकटलेलं आहे. अपवादांची गरज नाही.

६ जानेवारी, सकाळ
न्हाणीघरात सराव. ऑलोव्हस. टेकिटाउट. काशम्मानं बाहेरून घाबरून विचारलं, ‘एनायतु?’ काय झालं म्हणून. मी म्हणालो, अभ्यास चाललाय. ती म्हणाली, मला वाटलं घशात काटा अडकला.
बायकोला इंग्रजीचं महत्त्व नाही. कानडीत मात्र ‘एनु’ आणि ‘आयतु’ किती सफाईनं जोडते! नीट शिकली असती तर माझ्या खालोखाल बोलली असती.

११ जानेवारी
मोठा दिवस. नवे मॅनेजर ग्रिम्शॉ साहेब विलायतेहून आले. गेटवर थांबून माझ्याकडे पाहून काहीतरी लांबलचक बोलले. एकही शब्द सुटा नव्हता, म्हणजे पुस्तक खरं आहे. मी म्हणालो, यसायामिनॉफिस. साहेबांनी मान हलवली.
हेडक्लार्क बसलिंगप्पा म्हणजे काशम्माचे मामा. त्यांनीच मला इथं चिकटवलं. इंग्रजी लिहिण्यात गिरणीत त्यांचा हात धरणारा नाही, पण तीस वर्षं मागांच्या खडखडाटाशेजारी बसून कान गेलेत. त्यांनी साहेबांची मान हललेली पाहिली. विचारलं, जावईबापू, साहेबाचं कळतं? मी म्हणालो, सगळं. त्यांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं म्हणालो. सगळ्या ऑफिसनं ऐकलं.
उद्यापासून मी साहेबांचा दुभाषा.

१२ जानेवारी
साहेबांच्या खोलीला दोन दारं आहेत. एक आतलं, एक बाहेरचं. मधे हातभर रुंदीचा बोळ. त्यात माझं स्टूल. आतली घंटा वाजली की आत जायचं, बाहेर कुणी खोकलं की बाहेर. गुडघे एका दाराला लागतात, पाठ दुसऱ्याला. खिडकी नाही.
जागा मानाची आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
सिद्धेश्वराची यात्रा. सुट्टी. दर्शनाच्या रांगेत ठरवलं की मामांना खरं सांगावं. खरं म्हणजे, साहेबांचा उच्चार जरा गावठी आहे, त्यामुळे कधीकधी शंभरातले नव्वद शब्द निसटतात. मामा भेटले. त्यांनी चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं, आमचा जावई साहेबाच्या जिभेवर बसलाय. नंतर सांगेन.

२० जानेवारी
गेटवर परत पाठवा म्हणून अर्ज लिहिला. कारण, घसा. मामांनी वाचला, खिशातून लवंग काढून दिली आणि अर्ज उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला बेरीज केली. तोंडी सांगायला गेलो तर ऐकू येत नाही. लिहून दिलं तर हसतात. अशा माणसापुढं राजीनामा तरी कसा द्यावा?
तसं काम उत्तम चाललंय. साहेब काठीनं दाखवतात, मजूर समजतात, मधे मी बोलतो.

८ फेब्रुवारी, मंगळवार
आज माझी खरी कसोटी लागली. पास.
वाइंडिंग खात्यातल्या, म्हणजे सूत बॉबिनवर गुंडाळणाऱ्या, सहा बायका आल्या. पुढारी नागव्वा. कडेवर सात महिन्यांची पोर. म्हणाली, ‘क्लार्कसाहेब, साहेबाला सांगा की. पोरं यंत्राखाली गोणपाटावर लोळत्यात. नाकातोंडात कापूस जातो. अफूची गोळी देऊन किती दिवस निजवायची? जुन्या गोदामाचा व्हरांडा रिकामाच हाय. निम्मा द्या म्हणावं.’
मी आत जाऊन एका दमात ओतलं. बेबीजारिनाडस्टंडरिंजिन. साहेबांनी कानामागं हात धरला. मग नागव्वाच आत घुसली. तिनं पोर पुढं धरली, पोरीच्या केसांतला कापूस काढून दाखवला आणि खिडकीतून व्हरांड्याकडं बोट केलं. साहेबांचा चेहरा पालटला. माझं इंग्रजी पोचलं होतं.
साहेब म्हणाले, लेटेमॅविटॉल.
बोळात स्टुलावर बसून एकेक टाका उसवला. लेट म्हणजे करू दे. पुढं शेवटी साफ ऐकू आलं, विठ्ठल. वाइंडिंगचा मुकादम विठ्ठलच! म्हणजे, विठ्ठलला करू दे. साहेबांना महिन्याभरात मुकादमाचं नावही पाठ, याचं कौतुक वाटलं. बाहेर येऊन सांगितलं, विठ्ठल बघेल.
नागव्वा म्हणाली, ‘विठ्ठल तर मंगळवेढ्याला गेलाय ज्वारी काढायला. कवा येणार?’ मी म्हणालो, आला की.
साहेब उद्यापासून दोन आठवडे मुंबईला. स्टुलावरून पंधरा दिवस सुटका.

९ फेब्रुवारी
सुटका नाही. मामा म्हणतात, साहेबांची तार आली तर? बसून राहा.

१२ फेब्रुवारी
नागव्वा दुपारच्या सुट्टीत बोळाशी येऊन गेली. विठ्ठल आला का? नाही. म्हणाली, ‘साहेब असं कसं म्हनला? त्यानं तर हात असा सगळा फिरवला हुता. पार ह्या टोकापास्नं त्या टोकापर्यंत.’ मी समजावलं की हातांवर विश्वास ठेवू नये, भाषेत शब्द असतात. तिनं ऐकून घेतलं. बायका तशा समजूतदार.
तरी पुस्तकात ‘विटॉल’ शोधला. नाही.

१७ फेब्रुवारी
नागव्वाच्या पोरीला लागलं. बॉबिनची भरलेली टोपली यंत्रावरून घसरून कपाळावर पडली. दवाखान्यात नेली. तीन टाके. अफूच्या गुंगीत होती, रडलीसुद्धा नाही, म्हणून बायका जास्त घाबरल्या.
माझा यात संबंध नाही. टोपली मी ठेवली नव्हती. विठ्ठल वेळेवर आला असता तर हे झालं नसतं.
जेवण गेलं नाही. काशम्मानं विचारलं. म्हणालो, घसा.

२४ फेब्रुवारी, गुरुवार
विठ्ठल काल आला. साहेबही आले. आज विठ्ठल म्हणाला, मला कुणीच काय सांगितलं न्हाय, आणि गोदामाची किल्ली साहेबाकडं असती. सरळ नागव्वाला घेऊन आत गेला. माझ्या स्टुलावरून. अक्षरशः. मी पाय आखडून घेतले.
साहेबांनी पोरीच्या कपाळाची पट्टी पाहिली. व्हरांड्याकडं पाहिलं, तिथं कुलूप. टेबलावर मूठ आपटली आणि मामांना बोलावलं. मामांना ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहिलं. मामांनी तो कागद माझ्या हातात दिला. वर आजच्या तारखेऐवजी ८ फेब्रुवारी, आणि खाली त्या दिवशीचं त्यांचं वाक्य,
लेट. देम. हॅव. इट. ऑल.
पाच शब्द. पाचही सुटे. निम्मा कशाला, सगळाच घेऊ दे त्यांना.
कुलूप तिथल्या तिथं निघालं. बायकांनी व्हरांडा झाडला, झोळ्या बांधल्या. मी बोळात बसून राहिलो. मला कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर काही उत्तर तरी देता आलं असतं.

२५ फेब्रुवारी
तरी माझं म्हणणं असं की साहेबांनी ‘देम’ आणि ‘हॅव’ पार गिळले. इतकं जोडणं पुस्तकातही नाही. दोष थोडा त्यांचाही.
मामांना लेखी कळवलं की चूक माझी, मला गेटवर पाठवा. हे पहिल्यांदाच खरं लिहिलं. मामा अर्ज घेऊन आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले ते साहेबांचा दुसरा कागद घेऊन. कागद दाखवावा की नाही असा विचार करत उभे राहिले. मग दिला.
साहेबांनी विचारलं होतं, हा माणूस सहा आठवडे माझ्याशी फक्त कानडीतच का बोलतो? याला इंग्रजी येत नाही का?

२६ फेब्रुवारी
गेलो नाही. घसा. या वेळी खरंच आवाज बसलाय. काशम्मानं काढा दिला. तिला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, ‘पोरीला बघून आलात का?’

२७ फेब्रुवारी, रविवार
निघालो होतो. नागव्वाची चाळ विचारत अर्ध्या वाटेपर्यंत गेलो. तिथं विचार आला की काय बोलायचं ते आधी नीट बसवावं. परत आलो.

२८ फेब्रुवारी, सोमवार
गेट नाही. मामांनी साहेबांना लिहून कळवलं, कानडी याची मातृभाषाच आहे, शिकवेल. साहेब खूष. मजुरांशी स्वतः बोलायचं म्हणतात, मधे कुणी नको. रोज सकाळी अर्धा तास शिकवणी, बाकीचा दिवस स्टूल तेच. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ते कुठल्या भाषेत म्हणावं हे ठरेना.
पहिला धडा. साहेबांनी फक्त तीन शब्द मागितले, इंग्रजीत कागदावर लिहून. मी कानडीत सांगितले. त्यांनी दहा वेळा घोकले. एकेक शब्द विटेसारखा. मी म्हणालो, जोडा, जोडा. त्यांना समजलं नाही.
मग उठून व्हरांड्यात गेले. नागव्वा पोरीला झोळीत घालत होती. साहेब वाकून म्हणाले, ‘कूसु. हेंग. अद?’
बाळ कसं आहे.
नागव्वा म्हणाली, ‘छलो अद री.’ बरं आहे. आणि साहेबांना टाके दाखवले.
मी दाराशीच उभा होतो. मला तिनं दाखवले नाहीत. मी विचारलंही नव्हतं.