दोनशे सत्तरचा फरक

प्रिय खारूताई,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. फोनवर बोललो असतो, पण फोन नेहमी बाबांच्या उशाशी असतो आणि मला जे सांगायचंय ते आधी तुला एकटीला सांगायचंय. हे पत्र शनिवारपर्यंत पोचेल असं पोस्टातल्या माणसाला मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "भाऊ, मी स्वतः नेऊन देऊ का?"

सराव परीक्षेत तुझा ट्रायल बॅलन्स जुळला नाही, दोन्ही बाजूंच्या बेरजा वेगळ्या आल्या, तू तो फरक शोधत बसलीस, पुढचे दोन प्रश्न कोरे राहिले, आणि म्हणून सोमवारी तू अकाउंटिंगमधून नाव काढून घेणार. सगळं समजलं. तू लहानपणी रंगीत खडू उंचीप्रमाणे लावल्याशिवाय झोपायची नाहीस. हा गुण कोणाकडून उचललास ते मला ठाऊक आहे, म्हणून मला अपराधी वाटतंय.

इथे टाइल्सच्या गोदामात माझं बरं चाललंय. आलेली खोकी मोजायची, गेलेली मोजायची, वहीत लिहायची. मॅनेजरबाई म्हणतात, "तू खोकी मोजतोस की त्यांची जबानी घेतोस?" मागच्या महिन्यात एक खोकं कमी भरलं. मी ट्रक अडवून ठेवला आणि तीन वेळा मोजलं. शेवटी बाईंनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि म्हणाल्या, "एक कमी, असं लिही. सही कर. ट्रक सोड. बाकीच्या दुकानांनी काय तुझ्या एका खोक्यासाठी थांबायचं?" मी सही केली. ट्रक काढायला ड्रायव्हर उठला, तेव्हा तो ज्यावर बसून चहा पीत होता तेच ते खोकं निघालं. सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण मला शाळेचा हॉल आठवला.

चार वर्षांपूर्वी त्याच हॉलमध्ये मी तुझ्याच विषयाचा पेपर दिला होता. परदेशी बोर्डाकडून आलेलं प्रश्नपत्रिकांचं सीलबंद पाकीट आमच्यासमोर फोडलं. पहिला प्रश्न ट्रायल बॅलन्सचा. डाव्या आणि उजव्या बेरजेत दोनशे सत्तरचा फरक आला. नऊनं भाग जातो, म्हणजे कुठंतरी दोन आकडे उलटे पडलेत, हे मला कळत होतं. तरी सापडेना. सापडलं तेव्हा दहा मिनिटं उरली होती. तीन हजार सहाशे नव्वदचे मी तीन हजार नऊशे साठ केले होते. दुरुस्त केलं, पट्टीनं बेरजेखाली दोन रेघा मारल्या. फार सुंदर आल्या. तीन प्रश्न कोरे राहिले.

नंतर अकाउंटिंगचे सर म्हणाले, "अरे, त्या जुळण्याला एक गुण होता. चुकलेला आकडा घेऊन पुढं गेला असतास आणि पुढची रीत बरोबर असती, तर त्याचे गुण त्यांनी दिलेच असते." हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी बेरीज करत असेन.

आता जे घरात कोणाला माहीत नाही ते. बाबांची पाठ धरली म्हणून मी शाळा सोडली असं आपण सगळे मानतो. निकाल त्याच्या आधी आठ दिवस लागला होता. मी नापास झालो होतो आणि तो कागद माझ्या जुन्या कंपासपेटीत घडी करून ठेवला होता. बाबा म्हणत होते, मी बघतो कसं ते, तू शीक. मीच नको म्हणालो. त्यांच्या दुखऱ्या पाठीवर मी माझा निकालही लादला. आजही ते पाहुण्यांना सांगतात की पोरानं माझ्यापायी शिक्षण सोडलं, आणि मी चहाचे कप उचलून आत जातो. कंपासपेटी माळ्यावर आहे. हवी तर काढून बघ. पण बाबांना मीच सांगेन, परीक्षेच्या आदल्या दिवशी घरी येईन तेव्हा.

हो, येतोय. बाहेरून बसणारा उमेदवार म्हणून मी फॉर्म भरलाय. मॅनेजरबाईंनी रजाही दिली, वर म्हणाल्या की जाताना वहीत रेघा मारायची ती पट्टी इथंच ठेवून जा. तोच विषय, तोच हॉल, तोच दिवस. वयानं सगळ्यांत मोठा मीच असणार आणि तिथं एकट्यानं बसायची मला आतापासून भीती वाटतेय. म्हणून हे पत्र. सोमवारी नाव काढू नकोस. तुझ्यासाठी सांगतोय, पण खरं तर माझ्यासाठीच मागतोय. बेरीज नाही जुळली तर फरक लिहून ठेव आणि पान उलट. जरा जोरात उलट. मी मागं कुठंतरी बसलेला असेन, मला ऐकू येऊ दे.

तुझाच,
दादा