फक्कीची खोली

४ जानेवारी, रविवार

वाढे फाट्याच्या पुढचा फ्लॅट बघून आलो. आवडला. आवडून काय करणार, पण आवडला. स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे. दाखवणाऱ्या मुलीने ती उघडून अजिंक्यतारा दाखवला, जसा काही तो पण त्यांच्याच बिल्डरने बांधलाय. महेश भिंतींवर टकटक करत फिरत होता. त्याला त्यातलं शष्प कळत नाही. मी म्हटलं, इथे मी पाहिजे तिथे खिळा ठोकणार. आत्ताच्या घरात घरमालकीण काकूंना भिंतीला खिळा चालत नाही, म्हणून लग्नाचा फोटो पाच वर्षं कपाटावर पडून आहे.

टोकन भरायला महिनाअखेरपर्यंत वेळ.

७ जाने.

काकू जिन्यात भेटल्या. "अगं, तुला सांगायचंच राहिलं. आमचा निनाद पुण्याहून कायमचा येतोय. या वेळी करार काही वाढवता येणार नाही गं." म्हणजे मार्चअखेर घर सोडायचं. राहिलं म्हणे सांगायचं. वर वाटीभर ओल्या हरभऱ्याची उसळ दिली. चांगली होती, ते आणखी वाईट.

लग्नानंतरचं हे तिसरं घर. आता चौथं.

९ जाने., शुक्रवार

बँक. दोघांनी अर्धी रजा टाकली. साहेब वयाने माझ्याएवढाच. कागद चाळले आणि माझे बाजूला ठेवले.

"मॅडम, तुमचा पगार धरता येणार नाही. ऑर्डर अकरा महिन्यांची आहे."

म्हटलं, सहा वर्षं त्याच सरकारी दवाखान्यात रक्त तपासतेय, त्याच टेबलावर. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवतात आणि नवी ऑर्डर देतात.

"बरोबर आहे, पण कागदावर अकराच ना."

घराचा करार अकरा महिन्यांचा, नोकरी अकरा महिन्यांची. एकट्या म.च्या पगारावर जेवढं कर्ज मिळतं त्यात फ्लॅट निम्मा येतो. कुठला निम्मा घ्यायचा ते विचारायचं राहिलं. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. म. म्हणाला, बघू काहीतरी. बघू म्हणाला की मला कळतं, काही नाही.

१४ जाने., संक्रांत

कुंडलहून आईचा फोन. तिळगूळ वगैरे झालं, मग धनूने घेतला.

"आक्का, एक काम हुतं. पलूसला यावं लागंल. सहीला."

अण्णा गेल्यावर शेताच्या उताऱ्यावर तिघांची नावं लागली: आई, मी, धनू. आता आईने आणि मी हक्कसोड करून द्यायची, म्हणजे शेत धनूच्या एकट्याच्या नावावर. तसं झालं तरच पतसंस्था त्याला घराला कर्ज देणार. आणि घर झालं तर बायको. विट्याच्या स्थळाने तोंडावर सांगितलंय, पत्र्याच्या दोन खोल्यांत आमची पोरगी नांदणार न्हाई. माझा धाकटा भाऊ तिशीला आला.

म्हटलं, येते की. तोंडातून गेलंच.

१५ जाने.

म.ला सांगितलं. "फुकट?" एवढंच म्हणाला. जेवण उरकलं. मग: "त्याच्या घराला तुझी सही. आपल्या घराला कुणाची?"

राग आला, कारण बरोबर होतं. तो काही शेतातला तिसरा हिस्सा माग म्हणत नाही. वाट्याच्या बदल्यात, कर्जात कमी पडतंय तेवढं तरी विचार म्हणतो. मी म्हटलं, तुझ्या घरी मागण्यासारखं काही नाही, म्हणून तुला मागायची लाज माहीत नाही. नको होतं म्हणायला. भांडी त्याने घासली.

१८ जाने., रविवार

आज विचारायचंच, असं ठरवून धनूला फोन लावला. आणि विचारलं काय, तर उसाला तोड आली का.

"आली की. कोपऱ्यातला तेवढा आधी तोडून घेतला."

"कोपऱ्यातलाच का रे?"

"तू ये तर. दावतो."

आवाज असा खुशीत की मी पुढचं विचारलंच नाही. मग आईने फोन घेतला. "तुजं आपलं बरं हाय, दोघं मिळवताय. ह्याचं तेवढं मार्गी लागू दे." दोघं मिळवतो ते बँकेला दिसत नाही, हे आईला कसं सांगू.

सारखी आत्या आठवते. तिने अण्णांकडे वाटा मागितला होता. मिळाला नाहीच, वर भाऊबीज बंद झाली. तिला कुणी ये म्हणायचं नाही, आणि ती आली की आई पाण्याचा तांब्या लांबूनच ठेवायची. कायद्याने वाटा मिळतो, सगळ्या बायकांना माहीत आहे. मागणारी मात्र मी एवढी एकच बघितली.

३१ जाने.

घरी बसवण्याचा दिवस. धुणं काढलं. फ्लॅटवाल्या मुलीचा फोन, "मॅडम, दुसरं गिऱ्हाईक आहे, पण तुमच्यासाठी थांबवलंय." थांबवलंय म्हणे. तरी बरं वाटलं. पंधरा तारखेपर्यंतचा शब्द घेतला, कशाच्या जिवावर देव जाणे.

दुपारी एक भाड्याचं घर बघितलं. अंधारं. मालक आधीच म्हणाले, खिळे ठोकायचे नाहीत.

२ फेब्रु.

नवी ऑर्डर आली. अकरा महिने. सगळ्यांना पेढे वाटले, दर वेळी वाटतो. कशाबद्दल वाटतो कुणास ठाऊक.

८ फेब्रु., रविवार

उद्या पलूस. सकाळच्या एसटीने एकटीच जाणार. म. म्हणाला, "मी येत नाही. मी आलो तर तुझ्या आईला वाटेल मीच शिकवून आणलंय." मग पिशवीत पाण्याची बाटली ठेवताना म्हणाला, "नाही विचारलंस तरी चालेल." त्याने भांडायला हवं होतं. भांडला असता तर सोपं गेलं असतं.

सहीच्या आधी विचारायचं. सहीनंतर विचारून उपयोग नाही. वाक्य तयार केलंय: धनू, मला पण घर घ्यायचंय रे.

९ फेब्रु., सोमवार, कुंडल

रजिस्टर ऑफिसात सकाळपासून बसलो. आई नव्या साडीत. धनूने माझ्यासाठी पण साडी आणलेली, हक्कसोडीची. भारीतली. ऑफिसातच मांडीवर ठेवली. वाक्य दोनदा ओठांवर आलं. एकदा तो झेरॉक्सला पळाला, एकदा आई म्हणाली, "अण्णा असते तर लय बरं वाटलं असतं त्यास्नी."

आमचा नंबर आला आणि सर्व्हर बंद पडला. चारपर्यंत थांबलो. गुरुवारी या म्हणाले. धनूचं तोंड एवढंसं झालं. मला हायसं वाटलं, आणि वाटलं म्हणून स्वतःचीच चीड आली.

घरी जाताना ठरवलं, आता गाडीत बोलायचंच. तर त्याने गाडी शेताकडे वळवली.

कोपऱ्यातला ऊस काढून जमीन सपाट केलेली. पांढऱ्या फक्कीने मातीवर सगळं घर आखलेलं. गवंडी अजून ठरला नाही, कर्ज नाही, पण घर आखून तयार. धनू रेघा दाखवत पुढे पळत होता. ही बैठक, हितं आईचं सैपाकघर, हितनं जिना. मागच्या अंगाला एक चौकोन.

"ही तुजी खोली आक्का. माहेरपणाला आलीस की हितंच. दाजींनी पण यायचं, सांग त्यास्नी."

मी म्हणाले, "धनू." तो म्हणाला, "काय गं?" मी म्हणाले, "काही नाही."

बघायला म्हणून फक्की ओलांडून सरळ आत निघाले, तर आई मागून ओरडली, "अगं, भितीतनं कुठं चाललीस? दारातनं जा की."

फिरून दारातून आत गेले. पायाखाली उसाची खुंटं, चप्पल अडकत होती.

"खिडकी कुनीकडं ठिऊ?" धनूने विचारलं.

मी हात करून दाखवली. त्याने तिथे खडा ठेवला.

गुरुवारी परत पलूस. रजा शिल्लक आहे. टाकायची का, अजून ठरवलं नाही.