बाहेरून कुलूप, आत मिक्सिंग

१६ एप्रिल २००६, वसमत

आजपासून पुनम व्हिडिओमध्ये मिक्सिंग ऑपरेटर म्हणून रुजू झालो. काम म्हणजे लग्नाच्या शूटिंगची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची आणि गाणी जोडून सीडीसाठी फिल्म बनवायची. कळमनुरीहून एसटीने आलो, तर मालक विश्वंभरभाऊ स्वतः मोटारसायकल घेऊन स्टँडवर हजर! ऐन लग्नसराईत कॅसेटींचा ढीग साचला की मालकसुद्धा नोकराला न्यायला येतो.

दुकान म्हणजे एकच खोली. पुढे शटर, कोपऱ्यात मोरी, मागे गजांची खिडकी. खिडकीपलीकडे भाऊंचं घर. शालूवहिनी तिथूनच डबा देतात. आज पिठलं-भाकरी आणि ठेचा होता. ठेच्याने डोळ्यांत पाणी आणलं.

भाऊंची एक तऱ्हा मला फार आवडली. लग्नाची सीडी मागायला पाहुणे येतात आणि उठायचं नाव घेत नाहीत. म्हणून भाऊ सकाळी मला आत ठेवून शटरला बाहेरून कुलूप लावतात आणि शूटिंगला जातात. संध्याकाळी येऊन उघडतात. कुलूप बघून लोक शिव्या देत परत जातात आणि मी आत तोंड दाबून हसतो.

२० एप्रिल

खरी कटकट लोडशेडिंगची. फिल्म पूर्ण तयार व्हायच्या आत लाइट जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. इन्व्हर्टर भाऊ पुढच्या सीझनला घेणार म्हणे. म्हणजे कधीच नाही.

शेवटी मीच डोकं चालवलं. नांदेडला कोर्समध्ये शिकलो होतो. कॉम्प्युटर सुरू होतानाच त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरायचं आणि रॅमला, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांना, कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचं. सर बजावायचे, फार ताणू नका, जळेल. तीनशे तेहतीसची रॅम चारशेवर नेली. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, टेबलफॅन लावला. लाइट जायच्या आत फिल्म तयार!

भाऊ इतके खूश झाले की पाठीत धपाटा घालून म्हणाले, आता तुला सोडत न्हाई म्या.

२५ एप्रिल

वेग आणखी वाढवला. मशीन नुसतं सुसाट.

आज मात्र एक विचित्र गोष्ट घडली. फिल्म कॅसेटपेक्षा लांब निघाली. पाठवणी झाली, नवरी रडून गाडीत बसली, तिथे कॅसेट संपते. पण फिल्ममध्ये कॅमेरा मांडवातून बाहेर पडतो आणि रस्त्याने चालू लागतो. वाटलं, भाऊ बंद करायला विसरले असतील. कॅसेट परत लावून पाहिली. पाठवणीच्या पुढे ती कोरी आहे.

३० एप्रिल

दुसरं लग्न, दुसरं गाव. शेवट तोच. नवरी गाडीत बसली की कॅमेरा चालू लागतो. या वेळी वसमतचा स्टँड दिसला, मग आमची गल्ली. एरवी कॅमेरा दिसला की लोक केस सारखे करतात, लेकरं आडवी येतात. इथं कुणीच त्याच्याकडे बघत नाही.

मला भीती वाटली. रॅम मुकाट्याने तीनशे तेहतीसवर आणली. मशीनचा वेग मात्र जराही कमी झाला नाही. भाऊंना सांगितलं तर म्हणाले, उनानं डोकं तापलं तुहं, ताक पी.

३ मे

कॅमेरा आमच्या शटरसमोर थांबला. कुलूप लावलेलं. मग एकदम आत. खुर्ची. माझी पाठ. अंगात आजचाच शर्ट. कॅसेट तर गेल्या आठवड्यातली!

मागे वळून पाहिलं. भिंत होती, बाकी काही नाही.

संध्याकाळी भाऊंना सांगितलं, मी घरी जातो. त्यांनी हात जोडले. उद्याची एक फिल्म दे, मंग जाय बाप्पा. नवरीकडचे लोक लय तापलेत. मला नाही म्हणता आलं नाही. म्हणायला हवं होतं.

४ मे

कुलूप लागलं. भाऊ गेले. कॉम्प्युटर लावलेला नाही. लावणारही नाही. संध्याकाळपर्यंत नुसता बसून राहीन.

नंतर —

लाइट गेली. फॅन थांबला. आणि कॉम्प्युटर सुरू झाला.

फिल्म चालू आहे. त्यात मी. वहीत लिहिणारा.

रॅम उपटून काढली. बोटं भाजली. दोन्ही पट्ट्या टेबलावर पडल्या आहेत. फिल्म चालूच.

पडद्यावर मी खिडकीकडे धावलो. मग खरंच धावलो. आधी तो, मागून मी. गज हलत नाहीत. वहिनींना हाका मारल्या. त्या घाबरल्या. चावी त्याहीच्यापाशी हाय, बोलावते म्हणाल्या, पळत गेल्या.

शटर बडवलं. बाहेर कुणीतरी म्हणालं, कुलूप हाय, आत कोन असंल — आणि पावलं लांब गेली.

कॅमेरा जवळ येतोय. पडद्यावर आता फक्त माझी मान. मागे बघतो तर भिंत. पडद्यावर मान. केस. काळं —

मग पडद्यावर उजेड. शटर वर जातंय. भाऊ आत येतात. मला हाक मारतात. खुर्ची रिकामी. वही उघडी पडलेली.

मी खुर्चीत आहे. अजून खुर्चीतच आहे.

बाहेर मोटारसायकल थांबली. खरी. चावीचा आवाज —

नको भाऊ — उघडू नका — शटर वर जायच्या आधीच तो कॅमेरा मला — मी खुर्ची धरली आहे, एका हाताने, घट्ट — मी इथंच आहे भाऊ, मी इथं